आमचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं

आज जरा वेगळा विषय घेतलाय, स्टॉपवॉचचा. शाळेत धावण्याच्या शर्यतीला सर हातात धरायचे ना, दाबलं की सुरू आणि पुन्हा दाबलं की बंद, ते घड्याळ. ते मोबाईलवर स्वतः कसं बनवायचं आणि बनवल्यावर खरी वेळ दाखवतंय की नाही हे कसं ओळखायचं, त्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, मोबाईलमध्ये ते आयतं असतंच की. असतं. आम्हालाही ठाऊक होतं. तरी आम्ही बनवलं, चुकीचं बनवलं, आणि त्यापायी आमच्याच बायकांची मजुरी कमी लावून बसलो.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला बचत गटांचं काम बघतो. आमच्या एका गटाला कापडी पिशव्यांची पाचशे नगांची ऑर्डर मिळाली. मजुरी नगाप्रमाणे द्यायची ठरली. आता एका पिशवीला किती पैसे द्यायचे? बैठकीत दर वेळी हाच वाद. जिचा हात चलाख तिला दर पुरतो, जिचा हात सावकाश तिला तो कमी वाटतो. म्हणून ठरलं की मधल्या वेगाच्या एका ताईंनी पाच पिशव्या शिवायच्या, आपण वेळ मोजायची, आणि तासाला साठ रुपये धरून दर काढायचा. ठराव झाला, सचिवांनी इतिवृत्तात लिहूनही घेतला.

वेळ मोजायला आमच्याकडे नवंकोरं घड्याळ तयार होतं. गटातल्या एका ताईंची मुलगी इंजिनिअरिंग शिकते. तिच्या मदतीने आम्ही चार-पाच जणींनी मोबाईलसाठी एक छोटं अॅप बनवलं होतं. मोठी हिरवी आणि लाल बटणं, त्यांवर मराठीत ‘सुरू’ आणि ‘थांब’, खाली मराठी आकडे. ज्यांना इंग्रजी आकडे पटकन वाचता येत नाहीत त्यांनाही लांबून दिसेल असं. आयत्या स्टॉपवॉचमध्ये हे मिळत नव्हतं, म्हणून तर हा खटाटोप. खरं सांगायचं तर हौसही होती.

ताईंनी पाच पिशव्या शिवल्या. अॅपवर पन्नास मिनिटं झाली. म्हणजे पिशवीला दहा मिनिटं, म्हणून दर दहा रुपये. हिशोब सुटसुटीत आला म्हणून सगळ्या खूश. शिवणाऱ्या ताई तेवढ्या म्हणाल्या, “मी बसले तेव्हा भिंतीवर अकरा वाजले होते. आता बाराला सहा कमी आहेत. मग पन्नास कशी?” आम्ही काय म्हणालो असू? “अहो ताई, ते भिंतीवरचं घड्याळ जुनं आहे, पुढे गेलं असेल. हे मोबाईलचं आहे, सेकंदाचा दहावा भाग दाखवतं.”

ताईंचं बरोबर होतं. चौपन्न मिनिटंच झाली होती. पाच पिशव्यांना चौपन्न, म्हणजे एका पिशवीला दहा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, आणि दर दहा रुपये ऐंशी पैसे. ऐंशी पैसे ऐकायला काहीच नाहीत, पण पाचशे पिशव्यांचे ते चारशे रुपये होतात. त्या ताई हट्टाने घरी जाऊन लेकाच्या मोबाईलवरच्या स्टॉपवॉचशी आमचं घड्याळ जुळवून आल्या नसत्या, तर ते चारशे रुपये शिवणाऱ्यांच्या पदरातून गेले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. दुकानदाराला भाव आधीच कळवून झाला होता, त्यामुळे फरक गटाच्या नफ्यातून भरावा लागला. तो भरला, आणि पुढच्या बैठकीत ताईंची माफीही मागितली.

आता ती चूक कुठे झाली ते सांगतो.

आम्ही ज्यावर अॅप बनवलं त्याचं नाव एमआयटी अॅप इन्व्हेंटर. अॅप इन्व्हेंटर आधी गूगलने काढलं, २०१० मध्ये ते लोकांना वापरायला मिळालं, आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने ते चालवायला घेतलं. ते फुकट आहे. संगणकावर इंटरनेट लागतं, आणि मोबाईल हाताशी असला की केलेलं लगेच त्यावर बघता येतं. यात इंग्रजीत ओळीच्या ओळी टाइप कराव्या लागत नाहीत. एका बाजूला मोबाईलचा पडदा मांडायचा, म्हणजे बटण कुठे, आकडे कुठे, रंग कोणता. दुसऱ्या बाजूला रंगीत ठोकळे असतात, ते एकमेकांत अडकवायचे. ‘हे बटण दाबलं की’ असा एक ठोकळा, त्याच्या पोटात ‘हे कर’ असा दुसरा. लहान मुलांच्या खेळण्यासारखंच. ठोकळ्यांवरची नावं इंग्रजीत असतात, पण तीच ती दहा-बारा पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे सवय होते.

लक्षात ठेवायच्या आकड्यासाठी तिथे नाव देऊन एक जागा करायची असते. आम्ही तिला डबा म्हणतो. डब्यात आकडा ठेवायचा, लागेल तेव्हा काढून बघायचा, जुना ओतून नवा भरायचा.

आणखी एक वस्तू असते, तिचं नाव क्लॉक. ती पडद्यावर दिसत नाही. तिला दोन कामं येतात, आणि आमचा घोळ या दोन कामांत झाला. पहिलं काम टिकटिक करण्याचं. तिला सांगायचं, सेकंदाच्या दर दहाव्या भागाला मला हाक मार, की ती हाक मारत राहते. दुसरं काम, विचारलं की फोनमध्ये आत्ता किती वाजलेत ते सांगण्याचं.

आम्ही पहिलं काम वापरलं. एक डबा केला, त्यात शून्य ठेवलं. दर हाकेला डब्यात एक मिळवायचा. दहा हाका झाल्या की एक सेकंद, सहाशे झाल्या की एक मिनिट. किती सोपं! जो कुणी पहिल्यांदा स्टॉपवॉच बनवतो तो बहुतेक असंच बनवतो, असं त्या मुलीने नंतर हसत सांगितलं.

यात चुकलं काय? घरातल्या लेकराला तुम्ही सांगितलं, साठपर्यंत आकडे म्हण, एक मिनिट झालं की पाटीवर एक रेघ ओढ, आणि पुन्हा एकपासून सुरू कर. ते पोर साठपर्यंत म्हणतं, पेन्सिल शोधतं, रेघ ओढतं, आणि मग पुन्हा एकपासून सुरू करतं. रेघ ओढण्यात गेलेला वेळ कुणी मोजलाच नाही. तासाभराने पाटीवर पन्नास-पंचावन्न रेघाच दिसतील. पोराने आळस केलेला नाही, त्याला काम सांगितलंच तसं.

क्लॉकचंही तेच. हाक मारायची, मग आपण सांगितलेलं काम होऊ द्यायचं, म्हणजे डब्यात एक मिळवायचा, त्याची मिनिटं-सेकंदं करायची, मराठी आकडे पडद्यावर लिहायचे. ते झालं की तिथून पुढे नवा दहावा भाग धरायचा. आमच्या फोनवर या कामाला सेकंदाचे आठ हजारावे भाग लागत होते असं धरा. हजारावा भाग म्हणजे मिलिसेकंद. हा शब्द पुढेही येणार आहे. मग शंभर मिलिसेकंदांनी यायची ती हाक एकशे आठने येते. घड्याळात दहा मिनिटं व्हायला सहा हजार हाका लागतात. सहा हजार गुणिले एकशे आठ, म्हणजे सहाशे अठ्ठेचाळीस सेकंद. दहा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद! ताईंच्या पिशवीचा हिशोब नेमका इथे येऊन जुळला.

हे झालं फोन निवांत असताना. मध्ये फोन आला, मेसेजची रांग लागली, किंवा बॅटरी वाचवायला पडदा काळा झाला, की हाका आणखी रखडतात, कधी पार थांबतात. आणि चुकलेली हाक पुन्हा येत नाही. एक गेली की पुढचा सगळा आकडा तेवढ्याने मागे. वाईट म्हणजे ही चूक एकाच दिशेची आहे. हाक उशिरा येते, लवकर कधीच येत नाही. म्हणून असं घड्याळ नेहमी खऱ्यापेक्षा कमीच वेळ दाखवणार, आणि नगाप्रमाणे काम करणारीचंच नुकसान होणार.

आपल्याकडे पूर्वी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्राने साधायचे. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, आजच्या हिशोबाने चोवीस मिनिटं. ‘घटका भरली’ असं आपण आजही म्हणतो ते त्यावरूनच. तिथे एक माणूस राखणीला बसलेला असायचा. वाटी बुडाली की पटकन उचलून, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि किती झाल्या ते लक्षात ठेवायचं. त्याला डुलकी लागली, तर त्या घटकेपुरतं चुकत नसे, पुढचं सगळंच चुकायचं. भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट पुष्कळजणींनी ऐकली असेल. वाकून बघताना तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. ती आख्यायिकाच म्हणायची, पण मोजणीच्या घड्याळाची दुखरी जागा तिने बरोबर पकडली आहे. जुन्या लोकांना ही खोट माहीत होती. घटका ते रोज सूर्योदयापासून नव्याने मोजायचे, म्हणजे कालची चूक कालच संपायची.

मोबाईलच्या स्टॉपवॉचलाही असाच सूर्य लागतो. टिकटिक मोजायची नाही, वेळ विचारायची.

स्वयंपाकघरातलंच घ्या. कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलात आणि दारात कुणी आलं, तर तीन झाल्या की चार यावरून घोळ होतो. पण गॅस लावताना घड्याळात सव्वाअकरा पाहिले असतील, तर दारात कितीही वेळ गप्पा झाल्या तरी परत येऊन घड्याळ बघायचं. साडेअकरा वाजलेत, म्हणजे पंधरा मिनिटं झाली. मधली मिनिटं तुम्ही मोजली नाहीत म्हणून काही बिघडलं नाही.

अॅपमध्येही तेच करायचं. ‘सुरू’ दाबलं की क्लॉकला वेळ विचारायची आणि ती एका डब्यात ठेवायची. या ठोकळ्याचं नाव सिस्टमटाइम. तो फार मोठा आकडा देतो, १ जानेवारी १९७० पासून आजवर झालेले मिलिसेकंद. आकडा बघून घाबरू नका, आपल्याला त्यातली वजाबाकीच हवी आहे. डब्याचं नाव ‘सुरुवात’. मग दर हाकेला पुन्हा वेळ विचारायची, तिच्यातून ‘सुरुवात’ वजा करायची, आणि उत्तर पडद्यावर लिहायचं. टिकटिक आता फक्त पाटी पुसून नवा आकडा लिहिण्यापुरती उरली. एखादी हाक उशिरा आली तर आकडा क्षणभर अडखळेल, पण पुढच्या हाकेला बरोबर जागेवर येईल. चूक साठतच नाही.

आता ‘थांब’. थांबवून पुन्हा सुरू करायचं असतं, मध्ये दोरा संपतो, मूल रडतं. त्यासाठी दुसरा डबा, ‘साठलेला वेळ’. ‘थांब’ दाबलं की आत्ताची वेळ वजा ‘सुरुवात’ एवढं त्या डब्यात मिळवायचं आणि टिकटिक बंद करायची. पुन्हा ‘सुरू’ दाबलं की ‘सुरुवात’मध्ये नवी वेळ ठेवायची. पडद्यावर दाखवायचं ते साठलेला वेळ अधिक चालू वेळ. ‘शून्य’ नावाच्या बटणाने दोन्ही रिकामं करायचं. चालू असताना कुणी ‘सुरू’ पुन्हा दाबलं तर? ‘सुरुवात’ पुसली जाईल आणि तोवरचा वेळ बुडेल. म्हणून घड्याळ चालू असताना हिरवं बटण दबणारच नाही असं करून ठेवा. आमच्याकडे हे पहिल्याच दिवशी घडलं.

आकडे लिहिताना दोन बारीक गोष्टी सांभाळा. समजा वजाबाकी ३,२७,४०० आली. तिला साठ हजारांनी भागायचं. पाच पूर्ण, ती मिनिटं. बाकी सत्तावीस हजार चारशे. तिला हजाराने भागलं की सत्तावीस सेकंद, आणि उरलेल्या चारशेचे दहावे भाग चार. प्रत्येक वेळी भागाकाराचा पूर्ण भाग घ्यायचा, जवळचा आकडा धरायचा नाही. जवळचा धरलात तर एकोणसाठ पूर्णांक सहा दशांशचे साठ होतात, आणि पडद्यावर ‘० मिनिटं ६० सेकंद’ असं विचित्र काही दिसतं. दुसरं, सेकंद एकेरी असतील तर आधी शून्य लावा. पाच मिनिटं सात सेकंद हे ५:०७ असं दिसलं पाहिजे. ५:७ लिहिलं तर कुणी ते सत्तर सेकंदही वाचेल.

बटणाचीही एक गंमत आहे. साधा ‘क्लिक’चा ठोकळा बोट उचलल्यावर काम करतो, टेकवल्यावर नाही. सावकाश दाबणारीचं बोट बराच वेळ टेकलेलं राहतं. त्याऐवजी ‘टचडाउन’ नावाचा ठोकळा घेतला की बोट टेकलं त्या क्षणीच वेळ धरली जाते.

तरीही माणसाच्या हाताचा उशीर राहतोच. सुई थांबलेली दिसणं आणि बोट दाबणं यांत सेकंदाचा पाचवा भाग तरी सहज जातो. अॅपने दहावा भाग दाखवला म्हणून तो खरा मानायचा नाही. यावर उपाय साधा आहे. एकच पिशवी मोजू नका, पाच किंवा दहा सलग मोजा आणि भागा. हाताची चूक सुरुवातीला एक आणि शेवटी एक एवढीच होते, ती दहांत वाटली गेली की नगण्य. पापड, कुरडया, गोधड्यांचे टाके, सगळ्याला हीच रीत.

आता नव्या घड्याळाची एक कच्ची बाजू. फोनमध्ये किती वाजलेत त्यावर ते विसंबून आहे. मोजणी चालू असताना कुणी सेटिंगमध्ये जाऊन वेळ बदलली, मुलं गेमसाठी तारीख पुढे करतात तसं, तर स्टॉपवॉचही तेवढीच उडी मारेल. वेळ मागे नेली तर उत्तर शून्याच्याही खाली जाईल. नेटवर्कवरून फोन स्वतःची वेळ दुरुस्त करतो तेव्हाही थोडा फरक पडू शकतो. अँड्रॉइडमध्ये आणखी एक आतलं घड्याळ असतं. फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला तेवढंच ते मोजतं, आणि सेटिंगमधून कुणाला ते हलवता येत नाही. पक्कं स्टॉपवॉच बनवणारे ते वापरतात. आमच्या सिस्टमटाइमच्या ठोकळ्यातून ते मिळत नाही. पण ते घड्याळ फोन बंद करून चालू केला की पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि आमचं तसं नाही. ‘सुरुवात’चा आकडा टायनीडीबी नावाच्या साठवणीत ठेवून दिला, की अॅप बंद पडलं, अगदी फोन बंद पडला, तरी परत उघडल्यावर वजाबाकी बरोबर येते. दिवसभराच्या कामाला आम्हाला हेच सोयीचं वाटलं.

तपासणी मात्र नीट करा. आम्ही पहिलं घड्याळ एक मिनिट चालवून पाहिलं होतं. चार-साडेचार सेकंदांचा फरक होता, तो आम्ही बोटाच्या उशिरावर ढकलला. चूक साठत जाणारी असेल तर ती लांब मोजणीतच पकडता येते. दुसऱ्या फोनमधलं आयतं स्टॉपवॉच आणि आपलं एकदम सुरू करा, आणि तासभर विसरून जा. मध्ये एकदा पडदा बंद करा, कुणाला तरी फोन करायला लावा, दुसरी अॅप उघडा. तासानंतरही फरक सुरुवातीच्या बोटाइतकाच राहिला, तर घड्याळ चांगलं. तो मिनिटांमध्ये गेला, तर कुठेतरी अजून टिकटिक मोजली जातेय.

आशाताई ऐकत असतील त्यांच्यासाठी एक सांगायला हवं. न्यूमोनियाच्या संशयात लहान मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. आमच्या पहिल्या घड्याळाचं एक मिनिट खरं तर जवळजवळ पासष्ट सेकंदांचं होतं. मिनिटाला सत्तेचाळीस श्वास घेणारं आठ महिन्यांचं बाळ त्यावर पन्नाशीला पोचलं असतं. आणि घड्याळ उलट पुढे पळणारं असतं, तर खरोखर आजारी बाळ सुटलं असतं. म्हणून बाळाच्या श्वासाला कामावर मिळालेलं घड्याळ किंवा टायमरच वापरा, आमचं नवं, दुरुस्त केलेलंसुद्धा नको. ते पिशव्यांसाठी आहे.

आमच्या भागाला ज्यांचं नाव आहे ते महर्षी कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९०० साली त्यांनी आश्रम इथे हिंगण्याला आणला, तेव्हाची ती झोपडी आजही जपून ठेवलेली आहे. पाहुण्या आल्या की आम्ही आवर्जून दाखवायला नेतो. तुमच्या गटातल्या कुणी पुण्याला आलात तर जरूर या, अॅपही दाखवू. येताना गटातली वेळेवरून वाद घालणारी एकतरी बाई बरोबर आणा. आमच्या त्या ताई आता दर नव्या कामाच्या मोजणीला भिंतीवरच्या घड्याळासमोर बसतात, आणि इतिवृत्तात दोन्ही वेळा लिहिल्या जातात, मोबाईलची आणि भिंतीवरची.